फोनसाठी बाहेरचा जीपीएस रिसीव्हर: ब्लूटूथचा की वायरचा?

मोकळ्या आभाळाखाली फोनचा स्वतःचा जीपीएसही साधारण 5 मीटरपर्यंत अचूक असतो. तेवढ्यावर भागत असेल तर दोन्ही नकोत.

ब्लूटूथवाल्याचा खरा फायदा जागेचा. तो गाडीच्या काचेपाशी किंवा सॅकच्या वरच्या कप्प्यात ठेवा, फोन खिशात राहू द्या. आभाळ अँटेनाला दिसायला हवं, फोनला नाही. फक्त त्याची बॅटरी वेगळी चार्ज करायची, आणि तेच हमखास विसरतं.

वायरच्या, म्हणजे यूएसबीवाल्याला ती कटकट नाही. पण तो फोनचीच बॅटरी खातो, वर पोर्टही अडवतो, म्हणजे चार्जिंगची पंचाईत.

अँड्रॉइडवर सहसा दोन्हींसाठी डेव्हलपर ऑप्शन्समध्ये (सेटिंग्जमधला एरवी लपलेला भाग) ‘मॉक लोकेशन’ ॲप, म्हणजे फोनच्या जीपीएसऐवजी बाहेरच्या रिसीव्हरचं ठिकाण फोनला देणारं ॲप, निवडावं लागतं. लांबच्या भटकंतीला मी ब्लूटूथच घेईन.