‘पोर्तुगीजकालीन’ टाइपरायटर विकत घेण्याआधी

गोव्यात जुना टाइपरायटर शोधणाऱ्यांना सध्या एक माणूस गाठतो आहे. त्याने मला १८,००० रुपयांना एक मशीन विकलं आणि वर ५,००० रुपये आगाऊ घेतले. माझी तक्रार चालू आहे म्हणून त्याचं नाव लिहीत नाही. पण त्याची पद्धत सगळीच्या सगळी लिहितो, कारण ती दुसऱ्या कुणावर चालता कामा नये.

मी फोंड्याला राहतो. मला टाइपरायटर शोकेसमध्ये ठेवायला नको होता, रोज पत्रं लिहायला हवा होता. जाहिरातीत लिहिलं होतं, ‘१९४० चा पोर्तुगीजकालीन रेमिंग्टन, चालू स्थितीत.’ फोन केला तर आधी गोष्ट ऐकायला मिळाली. सासष्टीतल्या एका कोमुनिदादीच्या, म्हणजे गावच्या सामाईक जमिनी सांभाळणाऱ्या संस्थेच्या, कारकुनाच्या घरातलं मशीन, घरातली माणसं लिस्बनला गेली, जुनं घर विकायला काढलंय, सामान उचलायची घाई आहे. गोव्यात असं खरंच घडतं, म्हणून तर ही गोष्ट खपते. खुर्ची असो, कंदील असो, बशी असो, ‘पोर्तुगीज’ म्हटलं की किंमत तिप्पट.

त्याने शुक्रवारी म्हापशाला बोलावलं. शुक्रवारचा बाजार म्हणजे पाय ठेवायला जागा नाही, गाडी लावायची पंचाईत, सगळ्यांनाच घाई. बाजाराजवळच्या एका खोलीत मशीन मांडून ठेवलं होतं. काळा चकचकीत रंग, समोर सोनेरी अक्षरं. त्याने स्वतः कागद घातला आणि भराभर दोन ओळी टाइप करून दाखवल्या. मी हात पुढे केला तर म्हणाला, “थांबा बाब, आधी रिबन बघा, नवी घातलीय.” पैसे जमा झाल्यावर उचलूही दिलं नाही. “जड आहे, कंबर धराल,” म्हणत त्यानेच गोणपाटात गुंडाळून गाडीत ठेवलं.

घरी टेबलावर ठेवून टाइप करायला बसलो तर सगळी अक्षरं एकावर एक बसू लागली. कागद पुढे सरकेचना. थोड्या दिवसांनी अक्षरांचे दांडे वर जाऊन तिथेच चिकटू लागले, बोटाने एकेक खाली ओढावा लागे. शेवटी मडगावच्या एका म्हाताऱ्या मेकॅनिककाकांकडे घेऊन गेलो. कोर्टाबाहेर बसणाऱ्या टायपिस्टांची मशीनं त्यांनी वर्षानुवर्षं दुरुस्त केली आहेत.

काकांनी पहिला प्रश्न विचारला, “दाखवलं तेव्हा टेबल सपाट होतं?”

तेव्हा डोळ्यासमोर आलं. मशीनच्या उजव्या पायांखाली घडी केलेला पेपर होता, टेबलाला चरे पडू नयेत म्हणून ठेवला असेल असं वाटावं तसा. काकांनी खुलासा केला. टाइप करताना कॅरेज, म्हणजे कागद धरणारा वरचा सरकता भाग, डावीकडे सरकतं, ते आतल्या स्प्रिंगच्या ओढीने. ती स्प्रिंग मेलेली असली तरी मशीनची उजवी बाजू उचलून ठेवली की कॅरेज स्वतःच्या वजनाने उतारावरून सरकतं. प्रत्येक अक्षरागणिक एक घर पुढे. बघणाऱ्याला वाटतं, मशीन चालू आहे.

दांड्यांचं गौडबंगालही तसंच. सगळे दांडे ज्या अर्धगोल खाचांत फिरतात, तिथे त्याने गंज सोडवायचा स्प्रे मारला होता. स्प्रे मारला की जाम झालेलं मशीनही लगेच लोण्यासारखं चालतं. मग आपल्याकडच्या दमट हवेत त्या तेलावर धूळ बसते, चिकटा तयार होतो आणि दांडे पुन्हा अडकतात. काका त्या खाचा व्हाइट पेट्रोल आणि दात घासायच्या ब्रशने साफ करतात आणि तिथे तेलाचा थेंबही पडू देत नाहीत.

मग त्यांनी रिबनवरचं झाकण काढून उलटं केलं. वर काळा रंग, आत मात्र करडा-हिरवा मूळ रंग तसाच. सांगाड्यावर जिथे क्रमांक ठोकलेला असतो ती जागा घासून गुळगुळीत केलेली. कळफलकावर डॉलरच्या जागी चक्क ‘आरएस’, म्हणजे आपले रुपये. सांगाडा बघूनच काका म्हणाले, “अरे, हे गोदरेज आहे. आयुष्यभर हीच उघडली मी.” गोदरेजने टाइपरायटर बनवायला सुरुवात केली ती १९५५ मध्ये. १९४० साली कोमुनिदादीच्या कचेरीत ते येईल कुठून?

‘पोर्तुगीज’ म्हणून कुणी मशीन दाखवलं तर आधी कळफलक वाचा. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या राजवटीने १७ जुलै १९३७ च्या हुकमाने पोर्तुगीज टाइपरायटरचा कळफलक ठरवून दिला. त्याची वरची ओळ क्यू-डब्ल्यू-ई-आर-टी-वाय अशी नसते, एच-सी-ई-एस-ए-आर अशी सुरू होते. त्याआधीचं किंवा बाहेरून आणलेलं मशीन वेगळ्या कळफलकाचं असू शकतं, पण पोर्तुगीज लिहायचं तर खाली शेपटी असलेला ‘सी’ आणि स्वरांवरची नागमोडी खूण हवीच. माझ्या मशीनवर दोन्हींचा पत्ता नाही.

त्याने एक ‘अँटिक सर्टिफिकेट’ही दिलं होतं, शिक्क्यासकट. १९७२ च्या पुरावशेष कायद्यात वस्तू पुरावशेष ठरायला साधारणपणे निदान १०० वर्षं जुनी असावी लागते. १९४० चं मशीन त्याच्याच म्हणण्याप्रमाणे त्यात बसत नाही. दुकानदाराने छापलेल्या त्या कागदाला कवडीची किंमत नाही.

मला सर्वांत जास्त राग आला तो त्या ५,००० रुपयांचा. मी मराठीत लिहिणार हे कळल्यावर तो म्हणाला, “मराठी अक्षरं बसवून देतो, पुण्याहून मागवतो.” मराठी टाइप करायच्या माणसाच्या इच्छेवरच त्याने डल्ला मारला. इंग्रजी मशीनचं मराठी मशीन असं होत नाही. चाळीसेक दांड्यांच्या टोकांना अक्षरांचे ठसे डाख देऊन जोडलेले असतात. ते सगळे काढून नवे एका रेषेत बसवणं हे कारखान्याचं काम. शिवाय मराठी मशीनमध्ये मात्रा-वेलांटीच्या काही कळा अशा असतात की त्या दाबल्यावर कॅरेज पुढे सरकत नाही, म्हणून तर मात्रा अक्षराच्या डोक्यावर बसते. ती यंत्रणा आतच वेगळी असते. मराठी हवं असेल तर मूळचंच मराठी मशीन शोधा. बंद पडलेल्या टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये आणि वकिलांच्या माळ्यावर ती अजून सापडतात.

पहिलं मशीन घेताना भारतीय गोदरेज, रेमिंग्टन, हाल्डा किंवा फॅसिट यांना कमी लेखू नका. गोदरेजचं उत्पादन २००९ च्या सुमारास थांबलं, म्हणजे बरीच मशीनं तशी तरुण आहेत. सुटे भाग जुन्या मशीनमधून काढता येतात आणि अर्ध्या इंचाची रिबन अजून मिळते. विकणारा कितीही घाई करो, मशीन स्वतः उचला, सपाट जमिनीवर ठेवा आणि डाव्या कडेपासून घंटी वाजेपर्यंत सबंध ओळ टाइप करा. मग प्रत्येक कळ, शिफ्टसकट. रबरी रोलरवर नख दाबा. दगडासारखा लागला तर अक्षरं कागदाला भोकं पाडतील. झाकण उलटं करून आतला रंग बघा. मराठी बसवून देण्यासाठी एक पैसाही आगाऊ देऊ नका.

जाहिरातीचा स्क्रीनशॉट, फोनवरचे संदेश, पैसे भरल्याची पावती आणि काकांनी उघडलेल्या मशीनचे फोटो जोडून मी पोलिसांत तक्रार दिली आहे. फसवणुकीला आता भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ लागतं. पैसे ऑनलाइन गेले असतील तर सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० वर, ताबडतोब फोन करा, आणि विकणारा दुकानदार असेल तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ वरही. तोच माणूस आता दुसऱ्या नंबरवरून आणखी एक ‘पोर्तुगीजकालीन’ मशीन विकतो आहे. याच माणसाने तुम्हाला फसवलं असेल तर पावत्या फेकू नका, तुमचीही तक्रार नोंदवा. एकापेक्षा जास्त तक्रारी असल्या तर त्याला ‘मलाच कुणीतरी असं मशीन विकलं’ हे सांगणं जड जाईल.