हेड कव्हरच्या गॅस्केटपायी गेलेले ७,२९३ रुपये

७,२९३ रुपये ही रक्कम ऐकल्यावर पोलीस ठाण्यातल्या हवालदारांनी हातातले पेन खाली ठेवले होते, आणि वाचणाऱ्यांपैकीही काहींना ती किरकोळ वाटेल. त्यातले ६,१७० रुपये तीन वेळा मिळून एका भामट्याच्या हाती गेले आणि उरलेले १,१२३ रुपये त्याने करून ठेवलेले नुकसान निस्तरण्यात गेले. हे सगळे घडले ते मोटारसायकलच्या हेड कव्हरखाली बसणाऱ्या, १६५ रुपये किमतीच्या एका रबरी गॅस्केटपायी, म्हणजे सांध्यातून ऑइल गळू नये म्हणून बसवायच्या पट्टीपायी. बनावट सुट्या भागांचा धंदा कसा चालतो हे मला ठाऊक नव्हते असे नाही. मी भोसरीच्या एका कारखान्यात तपासणी विभागात २२ वर्षे काढली आहेत, माल नाकारण्याचे तांबडे लेबल हजारो वेळा स्वतःच्या हाताने चिकटवले आहे, आणि म्हणूनच ही फसवणूक मला जास्त लागली.

माझी गाडी २०१४ सालची, १५० सीसीची आहे. ऑइल बदलणे, साखळी ताणणे, टॅपेट (व्हॉल्व्हची फट) सेट करणे ही कामे मी घरी, सोसायटीच्या पार्किंगमध्येच करत आलो आहे. जूनच्या अखेरीस हेड कव्हरच्या डाव्या बाजूने ऑइल पाझरू लागले आणि ते सायलेन्सरच्या गरम बेंड पाइपवर पडून जळका वास येऊ लागला. इथेच एक गोष्ट सांगून ठेवतो. हेड गॅस्केट वेगळे आणि हेड कव्हरचे गॅस्केट वेगळे. पहिले सिलिंडर आणि त्याच्यावर बसणारे हेड यांच्यामध्ये बसते आणि ज्वलनाचा दाब सोसते. दुसरे हेडच्या वरच्या झाकणाखाली बसते आणि फक्त उडणारे ऑइल अडवते. पहिले बदलायचे तर हेड उतरवावे लागते, दुसऱ्यासाठी बहुतेक गाड्यांत टाकी आणि चार बोल्ट काढले की पुरते. "हेड गॅस्केट गेले" असे सांगून दुसऱ्याच्या कामाला पहिल्याचे बिल लावणारे लोक आहेत, तेव्हा बिलावर कोणते गॅस्केट लिहिले आहे ते पाहावे.

अधिकृत सर्व्हिस सेंटरच्या पार्ट्स काउंटरवर मला बारा दिवस थांबायला सांगितले. पुण्यातल्या नाना पेठेतल्या सुट्या भागांच्या बाजारात गेलो, तर तिथल्या एका दुकानदाराने ८० रुपयांचे गॅस्केट काढून स्पष्ट सांगितले, "काका, हे लोकल आहे, टिकले तर टिकले, जबाबदारी नाही." त्याचे मला आजही कौतुक वाटते. बारा दिवस थांबलो असतो तर पुढचे काहीच घडले नसते, पण पावसाळ्यात रोज २६ किलोमीटर जाणे-येणे असलेल्या माणसाला बारा दिवस म्हणजे काय ते ज्याचे त्यालाच कळते. त्याच रात्री मोबाइलवर जाहिरात दिसली: बंद पडलेल्या शोरूमचा शिल्लक माल, सगळे पार्ट ओरिजिनल, ४० टक्के सवलत. फोन केला. बोलणारा मराठीच होता, अदबीने बोलत होता आणि गाडीचे मॉडेल सांगताच त्याने पार्ट नंबर धडाधड म्हणून दाखवला. हेड कव्हर गॅस्केट, बोल्टखालचे चार रबरी वॉशर, एअर फिल्टर आणि स्पार्क प्लग यांच्या संचाचे ६४० रुपये मी ५ जुलैला यूपीआयने पाठवले. सहाव्या दिवशी पार्सल घरी आले. पार्सल आले म्हणून विश्वास बसला. हे लोक पहिला माल पाठवतात तो याचसाठी.

रविवार, १३ जुलै २०२५. इंजिन पूर्ण थंड होते. सीट आणि टाकी उतरवली, प्लगची टोपी आणि इंजिनातला दाब बाहेर सोडणारा ब्रीदर पाइप बाजूला केला, चारही बोल्ट आठच्या टी पान्याने आडवे-तिडवे, थोडे थोडे सैल करत काढले. कव्हर चिकटून बसले होते. अशा वेळी सांध्यात स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटायचे नाही, कारण अ‍ॅल्युमिनियमच्या पृष्ठभागाला एक ओरखडा गेला की त्यातून ऑइल कायमचे झिरपते. रबरी हातोड्याने बाजूने हलके ठोके देत गेले की कव्हर सुटते. तसेच ते सुटले. जुने गॅस्केट अकरा वर्षांच्या उष्णतेने कडक होऊन वाकवताच तुटले. खाच सुती फडक्याने आणि प्लास्टिकच्या पट्टीने साफ केली, मॅग्नेटवरची, म्हणजे इंजिनाच्या फिरत्या चाकावरची 'टी' खूण जुळवून फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) टॅपेट तपासले, आणि मग नवीन गॅस्केटचे पाकीट फोडले.

तो क्षण मी त्यानंतर कितीदा तरी आठवला आहे. जुन्या गॅस्केटचे तुकडे वर्तमानपत्रावर मांडून त्यांच्या शेजारी मी नवीन गॅस्केट ठेवले. जुन्याच्या अंगावर साच्यात उठवलेला पार्ट नंबर बोटाला लागत होता, नव्यावर काहीच नव्हते. नव्याच्या कोपऱ्यांवर साच्यातून बाहेर आलेली रबराची पातळ झालर न कापता तशीच राहिली होती. त्याला कच्च्या रबराचा, नव्या स्वस्त चपलेला येतो तसा उग्र वास होता. नव्या गॅस्केटवरचा अर्धचंद्राकृती उंचवटा हेडच्या खाचेत बसवला तेव्हा तो सहज आत गेला, जरा जास्तच सहज, आणि मी नखाने दाबून पाहिले तर एका बाजूला फट जाणवली. पाकिटावर पॅकिंगचा महिना जून २०२५ छापलेला होता, आणि फोनवर तर शोरूम दोन वर्षांपूर्वी बंद पडल्याचे सांगितले होते. एवढ्या पाच खुणा डोळ्यांसमोर होत्या. सहा इंची व्हर्नियर, म्हणजे जाडी मोजायचे साधन, हाताशी, पेटीत होता. तो मी काढला नाही. आभाळ भरून आले होते, इंजिन उघडे होते, आणि "कव्हर आवळले की बसेल" असे म्हणून मी कव्हर चढवले. कारखान्यात असा माल आला असता तर मी तो दारातूनच परत पाठवला असता.

बुधवारी, १६ तारखेला, पूर्वीपेक्षा दुप्पट ऑइल गळू लागले. फोन केला. त्याने अत्यंत शांतपणे व्हिडिओ मागवला आणि सांगितले, "काका, बोल्ट सैल आहेत, अजून पाव आटा आवळा." या सल्ल्याने माझे नुकसान केले, म्हणून तो समजून घ्या. माझ्या गाडीच्या कव्हरच्या बोल्टला खांदा असतो. तो खांदा टेकला की गॅस्केटवर जितका दाब यायचा तितका आलेला असतो, त्यापुढे कितीही जोर लावला तरी गॅस्केट आणखी दाबले जात नाही, सगळा ताण अ‍ॅल्युमिनियममधल्या आट्यांवर जातो. सहा मिलिमीटरच्या या बोल्टला साधारण १० न्यूटन मीटरच्या आसपास टॉर्क पुरतो, नेमका आकडा आपापल्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये पाहावा. मला हे ठाऊक होते, तरी मी आवळले. मागच्या उजव्या बोल्टचे आटे गेले आणि तो नुसताच फिरू लागला. पाना हातात तसाच धरून मी बराच वेळ बसून राहिलो.

दुसऱ्या दिवशी त्याने "कव्हरचा फेस वाकला आहे, नवीन कव्हर लागेल" असे निदान केले. किंमत ४,३५० रुपये, आगाऊ. मी पाठवले. पहिल्या वेळी यूपीआयवर दुकानाचे वाटावे असे नाव आले होते, या वेळी एका व्यक्तीचे आले. विचारले तर "घरच्यांचे खाते आहे" म्हणाला, आणि अनेक छोटे दुकानदार तसे करतात हे खरेच आहे. २० तारखेला "कुरिअर जीएसटीसाठी अडकले आहे, १,१८० रुपये भरा, कव्हर पोचल्यावर परत देतो" असा निरोप आला, तेही भरले, तिसऱ्याच नावावर. २२ तारखेला फोन बंद झाला. नाव बदलले की पैसे पाठवणे तिथेच थांबवा. कुरिअरवाल्यासाठी विक्रेता जीएसटी मागत नाही. गाडी उघडण्याआधी सगळे पार्ट हातात हवेत आणि तपासलेले हवेत, कारण उघड्या इंजिनाजवळ बसलेला माणूस घासाघीस करू शकत नाही आणि हे त्या लोकांना पक्के ठाऊक असते.

नंतर ओळखीच्या लेथवाल्याने माझे जुने कव्हर सरफेस प्लेटवर, म्हणजे अगदी सपाट पाटावर ठेवून चारही बाजूंनी फीलर घालून पाहिले. कव्हर सरळ होते. त्याने हेडमध्ये, गेलेल्या आट्यांच्या जागी हेलिकॉइल (आट्यांचे काम करणारी तारेची गुंडाळी) बसवून दिले, ३५० रुपये. काउंटरवरचे अस्सल गॅस्केट १६५ रुपये, चार वॉशर ८८ रुपये, नवीन ऑइल ५२० रुपये. अस्सल गॅस्केटच्या उंचवट्याची जाडी व्हर्नियरवर ५.० मिलिमीटर भरली, बनावटाची ४.४. बनावटाचा एक तुकडा मी गरम ऑइलमध्ये रात्रभर बुडवून ठेवला, तो सकाळी फुगून लिबलिबीत झाला होता. ऑइल सोसणारे रबर असते तर असे झाले नसते. फटीवर उपाय म्हणून शेलॅक (सांधा बुजवायची चिकट लुकण) किंवा सिलिकॉन सगळीकडे थापू नका. आतल्या बाजूला निघालेली गुठळी तुटून ऑइलच्या जाळीत अडकते. सिलिकॉन लावायचेच तर ते अर्धचंद्राच्या कोपऱ्यांना, तेही मॅन्युअलमध्ये सांगितले असेल तरच. आणि गॅस्केटला दोष देण्याआधी ब्रीदर पाइप तुंबलेला नाही ना ते पाहा, कारण तो तुंबला की आतला दाब वाढून चांगल्या गॅस्केटमधूनही ऑइल बाहेर येते.

आता तक्रारीचे. २३ जुलैला सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन केला, तक्रार क्रमांक मिळाला, आणि सांगण्यात आले की त्या खात्यांमधून पैसे आधीच पुढे काढले गेले आहेत. पैसे गेल्यापासून पहिल्या काही तासांत फोन केला तरच ते गोठवले जाण्याची काही आशा असते, हे मला मान्य आहे. पण कव्हर येणार आहे असे वाटत असताना माणूस तक्रार कशाची करणार? बँकेत गेलो. अनधिकृत व्यवहारांत ग्राहकाची जबाबदारी किती हे सांगणारे रिझर्व्ह बँकेचे ६ जुलै २०१७ चे परिपत्रक मी छापून नेले होते. "पिन तुम्ही स्वतः टाकला आहे, हा अनधिकृत व्यवहार होत नाही," एवढे एका वाक्यात सांगून त्यांनी कागद परत दिला. पोलीस ठाण्यात तीन वेळा हेलपाटे घातले: २४ जुलै, २८ जुलै आणि ४ ऑगस्ट. पहिल्यांदा साहेब बंदोबस्तावर होते. दुसऱ्यांदा "हा व्यवहारातला वाद आहे, ग्राहक मंचात जा" असे सांगितले. तिसऱ्यांदा मी बनावट पाकीट टेबलावर ठेवले, तेव्हा उत्तर मिळाले की मालाच्या नक्कलीची तक्रार कंपनीने करायची असते. ट्रेडमार्क कायदा १९९९ मध्ये झडती आणि जप्ती उपअधीक्षक किंवा त्याहून वरिष्ठ अधिकाऱ्यानेच, आणि तीही ट्रेडमार्क निबंधकाचे मत घेऊन करायची असते, हे मी नंतर वाचले. पण माझी तक्रार जप्तीची नव्हतीच. ती फसवणुकीची होती, भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ ची होती, आणि तिच्यासाठी कंपनीची गरज नाही.

कंपनीच्या टोल फ्री क्रमांकावर फोन केला तर "अधिकृत विक्रेत्याकडूनच खरेदी करा" हे वाक्य तीनदा ऐकले. पाकिटाची छायाचित्रे ईमेलने पाठवली, पोच आली, पुढे काही नाही. ज्या कंपनीच्या नावावर हा माल विकला जातो तिलाच त्याचे काही वाटत नसेल तर ग्राहकाने कुणाकडे पाहायचे? १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनने विक्रेत्याचे पूर्ण नाव आणि पत्ता विचारला. पाकिटावर ग्राहक सेवेचा क्रमांक छापलेला नव्हता, म्हणून वजनमापे आणि पाकिटांवरचा मजकूर तपासणाऱ्या वैधमापन कार्यालयात गेलो, तर तिथेही पत्ता विचारला. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला शुल्क नाही आणि आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार दाखल करता येते, ही खरोखर चांगली सोय आहे, पण नोटीस बजावायला पत्ता लागतोच. माझ्याकडे त्याचे तीन यूपीआय आयडी होते, मोबाइल क्रमांक होता, पार्सलवरचा कुरिअरचा बारकोड होता. या तिन्हींवरून पत्ता काढण्याचा अधिकार ज्यांच्याकडे आहे, ते तो पत्ता माझ्याकडे मागत होते. शेवटी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ (४) प्रमाणे वरिष्ठ अधिकाऱ्यांना लेखी तक्रार स्पीड पोस्टाने पाठवली. ठाण्यात गुन्हा नोंदवत नसतील तर वाद घालण्यात दिवस घालवू नका, लेखी तक्रार द्या आणि पोचपावती जपून ठेवा. त्यानंतर दंडाधिकाऱ्यांकडे जाण्याची वाट मोकळी राहते. मी तो अर्ज तयार करतो आहे. बनावट गॅस्केट, पाकीट आणि पार्सलचा कागद पुरावा म्हणून पिशवीत बांधून ठेवला आहे. तुम्हीही असे काही आले तर रागाच्या भरात फेकून देऊ नका.

मागच्या आठवड्यात तीच जाहिरात पुन्हा दिसली. पानाचे नाव वेगळे होते, गाडीचे मॉडेल वेगळे होते, पण छायाचित्र तेच होते: हिरव्या लोखंडी कपाटासमोर धरलेले पाकीट आणि अंगठ्याच्या नखाला लागलेला काळा डाग. मी तक्रारीचे बटण दाबले. दोन दिवसांनी उत्तर आले की या जाहिरातीत नियमभंग आढळला नाही. सवलत अजूनही ४० टक्केच आहे.