स्कायसर्व्हर: छोट्या दीर्घिकांतली सक्रिय कृष्णविवरं शोधायला कितपत कामाचं?

आकाशाच्या स्लोन सर्वेक्षणाचा खुला केलेला डेटा स्कायसर्व्हर या संकेतस्थळावर फुकट मिळतो. परभणी, लातूर, नांदेडच्या एमएस्सीच्या मुलांना प्रकल्पासाठी मोठी दुर्बीण मिळत नाही, आणि पावसाळ्यात तर आकाशही मिळत नाही. न्यू मेक्सिकोतल्या २.५ मीटर दुर्बिणीचे वर्णपट मात्र इथून मोबाइलच्या नेटवरही उतरवता येतात. सेवा उत्तम आहे. पण तिने दीर्घिकेवर आधीच मारून ठेवलेल्या शेऱ्यावर विसंबलात, तर बटू, म्हणजे छोट्या, दीर्घिकांच्या बाबतीत हमखास फसाल.

एसक्यूएल सर्चच्या (डेटाबेसला प्रश्न विचारायच्या) पानावर तीन टेबलं जोडायची: स्पेकऑब्जमधून रेडशिफ्ट (वर्णपट लालकडे किती सरकला, म्हणजे दीर्घिका किती दूर), गॅलस्पेकलाइनमधून उत्सर्जन रेषा, गॅलस्पेकएक्स्ट्रातून ताऱ्यांचं एकूण वस्तुमान. वस्तुमान लॉगमध्ये दिलेलं असतं. ३ अब्ज सूर्य म्हणजे ९.४८. फक्त 'याहून कमी' अशी अट घातली की जिथे वस्तुमान निघालंच नाही त्या दीर्घिकाही यादीत घुसतात, कारण तिथे उणे ९९९९ भरलेलं आहे. म्हणून ८.५ ची खालची अटही घाला. रेडशिफ्ट ०.०५५ च्या आत ठेवा. हायड्रोजन अल्फा, नायट्रोजन ६५८४ आणि ऑक्सिजन ५००७ (आकडे तरंगलांबीचे, अँगस्ट्रॉममध्ये) या रेषा त्यांच्या त्रुटीच्या किमान तिप्पट हव्यात. हायड्रोजन बीटाला दुप्पट चालेल.

उत्तराची फाईल थेट एक्सेलमध्ये उघडू नका. वर्णपटाचा क्रमांक १८-१९ अंकी असतो, एक्सेल पंधराच अंक सांभाळतं, पुढचे शून्य होतात आणि तो क्रमांक परत शोधला की काहीच सापडत नाही. प्लेट, एमजेडी (निरीक्षणाचा दिवस) आणि फायबर (दीर्घिकेचा प्रकाश नेणारा तंतू) हे तीन कॉलम सोबत मागवले की ही अडचण येत नाही.

आता शेऱ्याचं. गॅलस्पेकएक्स्ट्रात बीपीटी-क्लास नावाचा कॉलम आहे: १ म्हणजे तारे घडवणारी दीर्घिका, ३ मिश्र, ४ सक्रिय केंद्रक. मोठ्या दीर्घिकांना तो ठीक आहे. बटू दीर्घिकेत जड मूलद्रव्यं कमी, त्यातही नायट्रोजन फारच कमी, आणि सगळं गणित तिथे बिघडतं. शेरा रेषांच्या दोन गुणोत्तरांवरून ठरतो: ऑक्सिजन भागिले बीटाचा लॉग सीमारेषेच्या वर गेला तर दीर्घिका सक्रिय, आणि ती सीमारेषा नायट्रोजन भागिले अल्फावर अवलंबून. ऑक्सिजन भागिले बीटा ४ असेल तर लॉग ०.६०. नायट्रोजन भागिले अल्फा ०.४ असेल, तर खगोलशास्त्रज्ञ लिसा केवली यांची २००१ ची सीमारेषा ०.४९ वर येते आणि दीर्घिका सक्रिय ठरते. तेच गुणोत्तर ०.१ झालं की सीमारेषा ०.७८ वर जाते आणि कॉलममध्ये १ छापला जातो. विवर तिथे असलं तरी नाव गळतं. म्हणून फक्त ४ गाळून घेऊ नका. ३ सगळे ठेवा. १ पैकी जे सीमारेषेच्या लगत आहेत, त्यांच्यात ऑक्सिजन ६३०० आणि हीलियम ४६८६ या रेषा तपासा.

दुसरी अडचण उपकरणातलीच आहे. स्लोनच्या जुन्या फायबरचा व्यास ३ विकला (विकला म्हणजे अंशाचा ३,६०० वा भाग). ०.०३ रेडशिफ्टला त्यात जवळपास ६ हजार प्रकाशवर्षं मावतात, म्हणजे छोट्या दीर्घिकेचा मोठा भाग. तरुण ताऱ्यांच्या उजेडात विवराची खूण बुडून जाते. २०१३ च्या गाजलेल्या शोधात सुमारे २५ हजार बटू दीर्घिकांतून १३६ नावंच हाती लागली, त्यातली १०१ मिश्र गटातली. डेसी या नव्या सर्वेक्षणाचा फायबर १.५ विकलांचा, क्षेत्रफळ चौथाई. तिथे २०२५ मध्ये सुमारे १ लाख १५ हजार बटू दीर्घिकांतून २,४४४ उमेदवार निघाले. डेसीचा पहिला डेटाही आता खुला आहे. पण शिकायला सुरुवात स्कायसर्व्हरनेच करावी, कारण एका क्लिकवर चित्र आणि वर्णपट शेजारी-शेजारी दिसतात.

चित्र प्रत्येक नावाचं बघायचंच. मोठ्या सर्पिलाच्या भुजेतला वायूचा ढग संगणकाने वेगळी छोटी दीर्घिका म्हणून नोंदलेला सर्रास आढळतो. पडद्यावरच्या वर्णपटात बीटा रेषा बारीक दिसली तर घाबरू नका. ताऱ्यांचं शोषण त्यात मिसळलेलं असतं, टेबलातल्या आकड्यातून ते वजा केलेलं आहे. अल्फा रेषेचा पाया रुंद दिसला तर लगेच विवराचं वस्तुमान काढायला बसू नका. अतिनवताराही तसाच रुंद पाया देतो आणि काही वर्षांत ओसरतो. काही वर्षांनी घेतलेल्या दुसऱ्या वर्णपटातही तो पाया टिकून असेल, तरच खात्री.

औंढा नागनाथला लायगो ही गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा येतेय म्हणून बरेच विद्यार्थी हा विषय तिच्याशी जोडतात. लायगोला ऐकू येतात ती ताऱ्यांच्या वस्तुमानाची विवरं, एकमेकांत विलीन होताना. आपण शोधतोय ते दीर्घिकेच्या केंद्रात वायू गिळणारं. आरजीजी ११८ या बटू दीर्घिकेतलं विवर सुमारे ५० हजार सूर्यांचं आहे आणि या गटातलं ते लहान. इतक्या जड विवरांचा सूर लायगोच्या कानापेक्षा खूप खालचा.

अंतिम यादी चंद्रा दुर्बिणीच्या क्ष-किरण संग्रहाशी ताडून बघा. तोही फुकट आहे. तिथे ठिपका दिसला तरी दीर्घिकेतल्या क्ष-किरण जोडताऱ्यांकडून किती तेज अपेक्षित आहे ते आधी मोजा, आणि ठिपका त्याहून ठळक असेल तरच नाव पुढे न्या.