शेतकरी आठवडी बाजार की रोजची मंडई?

सोलापुरात भाजी घेण्यासाठी लक्ष्मी मंडईसारखी रोजची बाजारपेठ आणि सुट्टीच्या दिवशी भरणारा शेतकरी आठवडी बाजार, असे दोन मार्ग आहेत. २०१६ मध्ये राज्याने फळे व भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मुक्त केल्याने शेतकऱ्याला थेट ग्राहकाला माल विकणे सुकर झाले. त्याच सुमारास सुरू झालेल्या आठवडे बाजार अभियानाला आपल्याच जिल्ह्यातील अरणच्या संत सावता माळी यांचे नाव लाभले, हे उचितच झाले. मधली अडत टळत असल्यामुळे दोन्ही बाजूंना लाभाची शक्यता असते, मात्र भाव प्रत्येक वेळी कमीच असेल असे गृहीत धरू नये. खरा फरक पालेभाजीत जाणवतो, कारण मेथी किंवा चुका शेतातून अनेक हातांत न फिरता थेट पिशवीत येतो. मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीविषयी, ती कोरडवाहू काळ्या रानातली आहे का, हेही पिकवणाऱ्यालाच विचारता येते.

मंडईची बाजू सोयीची आहे. ती रोज उघडी असते आणि बटाटा, आले यांसारखा बाहेरून येणारा माल तेथे हमखास मिळतो. त्यामुळे पालेभाजी, डाळिंब व धान्यासाठी आठवडी बाजार आणि उरलेल्या जिनसांसाठी मंडई, अशी विभागणी मला अधिक व्यवहार्य वाटते. आठवडी बाजारात मात्र सकाळी लवकर जावे.