एनसीडीयू: लिनक्सवर डिस्क कशानं भरली ते दाखवणारं लई कामाचं टूल

राजारामपुरीत आमचा फोटो-व्हिडिओ स्टुडिओ हाय, एडिटिंगचा पीसी लिनक्स मिंटवर, एसएसडी २५६ जीबीचीच, आणि लग्नसराई सुरू झाली की केडेनलाइव्ह या व्हिडिओ एडिटिंग सॉफ्टवेअरचा एक्स्पोर्ट मधेच अडकतो, डिस्क फुल. टर्मिनलमधे (कमांड टाइप करायच्या खिडकीत) डीएफ मायनस एच मारलं की किती भरलीय ते कळतं, पण कशानं भरलीय ते कुठं कळतंय? फोल्डरांचा आकार सांगणारा नुसता डीयू मारला तर शेकडो ओळी सरकत जातात, त्यात शोधत कोण बसणार.

एनसीडीयू टाका भावांनो. २००७ पासून हाय, फुकट हाय, एपीटीनं, म्हणजे मिंटच्या सॉफ्टवेअर बसवायच्या कमांडनं, लगेच बसतं. सुडो एनसीडीयू मायनस एक्स आणि पुढं स्लॅश, एवढंच मारायचं; सुडो म्हणजे ॲडमिनच्या हक्कानं, स्लॅश म्हणजे सगळ्यात वरच्या फोल्डरपासनं. मायनस एक्समुळं बाहेरची हार्डडिस्क जोडलेली असली तरी ती मोजत बसत नाही. मोजून झालं की सगळ्यात मोठं फोल्डर वर, एंटर दाबत आत शिरायचं. आमच्यात होममधल्या डॉट कॅशमधे केडेनलाइव्हचं फोल्डर घावलं, कधीच डिलिव्हरी झालेल्या लग्नांच्या प्रॉक्सी क्लिपा (एडिटिंगसाठी बनवलेल्या हलक्या कॉप्या) तशाच पडलेल्या, आणि ते फोल्डर लपलेलं असतंय म्हणून फाइल मॅनेजरमधे दिसतच नव्हतं. दुसरा जागा खाणारा टाइमशिफ्ट, म्हणजे सिस्टिमचा बॅकअप घेणारं टूल, पण त्याचे स्नॅपशॉट (घेतलेले बॅकअप) इथनं उडवू नका, टाइमशिफ्ट उघडूनच डिलीट करा.

खटकलं ते एकच, डी दाबून हो म्हटलं की फाइल ट्रॅशमधे जात नाही, कायमची जाते. स्टुडिओत शिकाऊ पोरं असतात, त्यांच्या हातात देताना मायनस आर लावून द्या, मग नुसतं बघता येतं. माझ्या मते हे आधीपासनंच चालू असायला पाहिजे होतं.

मिंटमधलं डिस्क युसेज ॲनालायझर रंगीत हाय, नवख्याला बरं, पण डिस्क गच्च होऊन डेस्कटॉपच उघडेना झाला तर कंट्रोल आल्ट एफ३ दाबून काळ्या स्क्रीनवर एनसीडीयूच कामाला येतं. एक मात्र, डिलीट केलेली फाइल एखाद्या प्रोग्रॅमनं उघडी धरली असेल तर जागा सुटत नाही आणि ती यातही दिसत नाही, तो प्रोग्रॅम बंद करा.

आणि हे आत्ताच टाकून ठेवा, डिस्क पूर्ण भरल्यावर एपीटीला इन्स्टॉल करायलाबी जागा उरत नाही.