एच-इंडेक्स की विद्यार्थ्यांचा अभिप्राय?
विभागातल्या प्राध्यापकांचं वीस-पंचवीस वर्षांचं काम मोजायची जबाबदारी एका मैत्रिणीवर आली. एच-इंडेक्स, म्हणजे शोधनिबंधांवरून काढलेला आकडा, की विद्यार्थ्यांचा अभिप्राय, दोन्हीपैकी काय धरू, असं विचारत होती.

मेहनतीत एच-इंडेक्स सोपा. भौतिकशास्त्रज्ञ होर्हे हर्श यांनी तो 2005 साली मांडला: 20 शोधनिबंधांना प्रत्येकी किमान 20 उद्धरणं (इतर निबंधांतले उल्लेख), म्हणजे आकडा 20. अभिप्रायाचे फॉर्म दर सत्राला भरून घ्या, जपा. जुने बहुधा रद्दीत गेलेले.

कारकिर्दीतला उतार दिसतो का? खरी मेख इथेच. एच-इंडेक्स खाली येतच नाही. माणूस दहा वर्षं स्वस्थ बसला तरी जुन्या निबंधांच्या जिवावर आकडा चढू शकतो. म्हणून हर्श यांनीच तो वर्षांनी भागून पाहायला सुचवलं होतं. शिवाय गणितज्ञाची जीवशास्त्रज्ञाशी तुलना होत नाही, आणि मराठीत लिहिणाऱ्याचं बरंचसं काम त्यात मोजलंच जात नाही. अभिप्रायात चढउतार दिसतात, पण हात आखडून गुण देणाऱ्याला फटका बसू शकतो. बारा जणांच्या वर्गात दोन नाराजही सरासरी हलवतात.

पीएच.डी.चा मार्गदर्शक निवडायचा तर वर्षांनी भागलेला एच-इंडेक्स, तोही एकाच विषयात. पदवीचे वर्ग कुणाला द्यायचे, यासाठी सलग पाच-सहा वर्षांचे अभिप्राय. नवख्या सहायक प्राध्यापकाला मात्र एच-इंडेक्स लावूच नये.