हेलिओस ४४-२ : आठ महिन्यांच्या वापरानंतर, एफ/२ ते एफ/१६

हेलिओस ४४-२ ही ५८ मिमीची सोव्हिएत लेन्स गेले आठ महिने माझ्या २४ मेगापिक्सेलच्या फुल-फ्रेम मिररलेस कॅमेऱ्यावर आहे. तिची रचना त्साइस या जर्मन कंपनीच्या युद्धपूर्व बिओटार लेन्सवरून घेतलेली असून माउंट (कॅमेऱ्याला जोडायचा भाग) एम४२ आट्यांचा आहे, त्यामुळे माझ्या कॅमेऱ्यावर ती अॅडॅप्टरने बसते. ‘पूर्ण उघडी असताना मऊ, बंद केली की शार्प’ एवढेच मी तिच्याविषयी ऐकून होतो. (उघडी-बंद म्हणजे अॅपर्चर, उजेड आत येण्याचे छिद्र: एफ/२ ला ते सर्वांत मोठे, एफ/१६ ला सर्वांत लहान.) ते अर्धेच खरे निघाले. उरलेले समजायला वेळ लागला, कारण माझ्या सुरुवातीच्या चाचण्याच चुकीच्या होत्या.

पहिला महिनाभर फ्रेमची डावी बाजू प्रत्येक अॅपर्चरला पुसट येत होती आणि मी लेन्सलाच दोष देत होतो. कॅमेरा उलटा करून तीच भिंत टिपली, तरी फ्रेमची तीच बाजू पुसट आली. म्हणजे भिंत निर्दोष होती. शेवटी अॅडॅप्टर हातात घेऊन पाहिला, तर आतली आट्यांची कडी ज्या तीन बारीक स्क्रूंवर बसवलेली असते त्यांतला एक सैल होता. तो आवळल्यावर दोन्ही बाजू सारख्या झाल्या.

त्यानंतर भिंतीवर वर्तमानपत्राचे पान ताणून लावले, त्यावर छोटा आरसा सपाट टेकवून लेन्सचे प्रतिबिंब फ्रेमच्या बरोबर मध्यावर येईपर्यंत ट्रायपॉड हलवला, स्टॅबिलायझेशन बंद केले, दोन सेकंदांचा टायमर लावला आणि आयएसओ १०० वर फक्त शटर बदलत रॉ फोटो काढले.

खरी मेख प्रीसेट कडीत, म्हणजे अॅपर्चर आधीच ठरवून ठेवणाऱ्या कडीत आहे. एक कडी खटके देत आकडा ठरवते आणि दुसरी, बिनखटक्याची, त्या आकड्यापर्यंत फिरते, म्हणजे एफ/२ च्या उजेडात फोकस करायचा आणि मग लेन्स बंद करायची. लेन्समधूनच आरशाने दृश्य दाखवणाऱ्या एसएलआर कॅमेऱ्याच्या व्ह्यूफाइंडरसाठी ही सोय उत्तमच होती, परंतु लेन्सच्या कडेने येणारे किरण आणि मधून येणारे किरण एकाच ठिकाणी मिळत नसल्यामुळे, कडेचे किरण अडवताच फोकस किंचित सरकतो. एफ/२ वर फोकस करून एफ/४ ला काढलेला माझा फोटो एफ/४ वरच फोकस केलेल्या फोटोपेक्षा उघड कमी शार्प होता. एफ/८ पासून डेप्थ ऑफ फील्ड (फोकसच्या पुढे-मागे शार्प दिसणारी खोली) हा फरक झाकून टाकते.

एफ/२ ला मध्यभागी छोट्या जाहिरातींतल्या वेलांट्या नीट सुट्या दिसतात, फक्त प्रत्येक अक्षराभोवती धुरकट वलय असते. तपशील हरवलेला नसतो, कॉन्ट्रास्ट हरवलेला असतो आणि तो संपादनात बराचसा परत आणता येतो. कोपरे मात्र वाईट आहेत, पण कोपऱ्यावर वेगळा फोकस केला तर तेही सुधारतात. म्हणजे फोकसचे प्रतल वक्र आहे, आणि सपाट पानावरची चाचणी या लेन्सवर थोडा अन्यायच करते. एफ/२.८ ला वलय जवळजवळ जाते. मध्यभाग एफ/५.६ ला सर्वांत चांगला, कोपरे एफ/८ ला. एफ/१६ ला डिफ्रॅक्शनमुळे (लहान छिद्रातून जाताना प्रकाश पसरतो त्यामुळे) एका बिंदूची चकती सुमारे २१ मायक्रॉनची होते आणि माझ्या सेन्सरचा पिक्सेल ६ मायक्रॉनचा आहे, त्यामुळे सगळेच सारखे मऊ पडते.

प्रीसेट कडी मी आता कायमची एफ/१६ वर ठेवली आहे. बिनखटक्याची कडी त्यामुळे कुठेही थांबवता येते, आणि जिथे थांबवतो तिथेच फोकस करतो.